बाईकवरून स्कॉटलंड फिरताना डोंगरमाथ्यावरून हॅम रेडिओ कसा चालवावा

हॅम रेडिओ, म्हणजे परवाना काढून हौसेनं दूरच्या लोकांशी बोलायचा रेडिओ, डोंगरावर कसा चालवावा हे कुणालाही विचारा, बोलणं पहिल्याच वाक्यात यंत्रावर येतं. पाच वॅटचा घ्यावा की दहाचा, कुठल्या कंपनीचा, किती वजनाचा. मी बरेच उन्हाळे बाईकला सामान बांधून स्कॉटलंडच्या डोंगरांवर जातोय. रेडिओ लहान पडला म्हणून रिकाम्या हातानं परतलो, असं एकदाही झालेलं नाही. परतलो ते वाऱ्यामुळे, अँटेना उभीच राहिली नाही म्हणून. म्हणून या लेखात रेडिओ थोडक्यात आटोपतो आणि अँटेनाची तार उंच धरणारा पोल उभा करण्याबद्दल सविस्तर सांगतो.

परवाना

भारतातल्या परवान्यावर तिथे परस्पर बोलता येईल असं गृहीत धरू नका. तिकडे राहत असाल तर यूकेचा फाउंडेशन, म्हणजे पहिल्या पायरीचा, परवाना काढा. परीक्षा सोपी आहे आणि २०२४ पासून या परवान्यावर २५ वॅटपर्यंत परवानगी आहे. डोंगरावर तेवढी लागतही नाही. कॉलसाइन, म्हणजे परवान्यासोबत मिळणारं रेडिओवरचं नाव, ‘एम सेव्हन’नं सुरू होत असेल तर स्कॉटलंडमध्ये ‘एमएम सेव्हन’ म्हणण्याची पद्धत आहे.

डोंगर निवडणं

‘समिट्स ऑन द एअर’, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी ‘सोटा’, हा उपक्रम २००२ साली ब्रिटनमध्ये सुरू झाला. यादीतल्या डोंगरावर स्वतःच्या ताकदीनं पोहोचायचं, सोबत नेलेल्या बॅटरीवर रेडिओ चालवायचा. चार वेगवेगळ्या स्टेशनांशी बोलणं झालं की त्या डोंगराचे गुण मिळतात. एका डोंगराचे गुण वर्षातून एकदाच.

नवखे इथे एक ठरलेली चूक करतात. स्कॉटलंडमध्ये ३००० फुटांवरच्या डोंगरांना ‘मनरो’ म्हणतात, असे २८२ आहेत. मनरो म्हणजे सोटाचा डोंगर असणारच असं समजून लोक निघतात. पण सोटाला नुसती उंची चालत नाही. डोंगर आजूबाजूच्या खिंडीपासून किमान १५० मीटर उठलेला असावा लागतो. केर्न गॉर्म १२४५ मीटरचा, नावाजलेला, पण थोडक्यासाठी या कसोटीत बसत नाही. उलट टिंटो फक्त ७११ मीटरचा आहे, पण सपाट मुलखात एकटा उभा असल्यामुळे आरामात बसतो. निघण्याआधी यादी उघडून बघा, एवढंच.

पहिला डोंगर म्हणून मी टिंटोच सांगतो. ग्लासगो आणि एडिंबरा दोन्ही टप्प्यात येतात, त्यामुळे साध्या हँडहेल्डवर, म्हणजे हातात मावणाऱ्या रेडिओवर, १४५.५०० मेगाहर्ट्झला हाक मारली तरी चार संपर्क होऊन जातात. उत्तरेकडे हायलँड्सच्या डोंगराळ भागात असं होत नाही. तिथे दऱ्यांमध्ये वस्तीच विरळ, त्यामुळे एचएफ, म्हणजे लांब पल्ल्याच्या लहरींचा रेडिओ, आणि तारेची अँटेना लागतेच.

बाईक आणि सामान

बाईक रस्त्यावरच ठेवायची. २००३ च्या कायद्यानं स्कॉटलंडमध्ये जवळपास कुठेही चालत जायचा हक्क दिलाय, पण तो मोटार वाहनांना लागू नाही. एकाच गाडीपुरत्या रस्त्यांवर समोरच्याला वाट द्यायच्या जागी ‘पासिंग प्लेस’ची पाटी असते, त्या जागेत बाईक लावू नका, अगदी पाच मिनिटंसुद्धा. साइड स्टँडखाली ठेवायला एक चपटी प्लास्टिकची चकती बाळगा. ओल्या पीटमध्ये, म्हणजे इथल्या मऊ दलदली मातीत, स्टँड रुततो आणि चार तासांनी परत आल्यावर बाईक आडवी सापडते.

रेडिओ सॅडल बॅगेत ठेवू नका. तिथे थरथर सगळ्यात जास्त असते. कनेक्टर सैल होतात आणि तार वरच्या आवरणाच्या आत तुटते, बाहेरून दिसतसुद्धा नाही. रेडिओ, बॅटरी आणि तारा पाठीवरच्या सॅकमध्ये, कपड्यांत गुंडाळून. पोल मिटल्यावर पाऊण मीटरच्या आत मावेल असाच घ्या. सव्वा मीटरचा पोल बाईकला आडवा बांधून निघालेले लोक मी पाहिलेत. अरुंद रस्त्यावर समोरून कॅम्परव्हॅन आली की काय होईल, याचा विचार त्यांनी केलेला नसतो. रायडिंगचे बूट घालून चढू नका. दुसरे बूट न्या.

हवामान

डोंगरमाथ्यावरच्या वाऱ्याचा वेगळा अंदाज देणारी माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस आहे, तीच बघा. गावाचा अंदाज इथे कामाचा नाही. याच केर्न गॉर्मच्या माथ्यावर २० मार्च १९८६ ला ताशी १७३ मैलांचा झोत नोंदला गेलाय. माझा नियम असा: माथ्यावर ताशी ३० मैलांपर्यंत पोल न्यायचा, ३० ते ४० मध्ये फक्त हँडहेल्ड, त्यापुढे डोंगराचं नाव काढायचं नाही. त्या वाऱ्यात रॅनॉक मूर या माळरानातल्या उघड्या रस्त्यावर बाईक सरळ ठेवणंच अवघड होतं.

पोल उभा करणं

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला वाटतं, आपल्याला वारा माहीत आहे. मलाही वाटायचं. कोकणकड्यावर पावसाळ्यात उभं राहिलेलो आहे, इथे काय होणार? उंचीनं म्हणाल तर अख्ख्या ब्रिटनमधला सर्वांत उंच बेन नेव्हिस १३४५ मीटरचा, आपल्या कळसूबाईपेक्षा तीनशे मीटर ठेंगणा. पण इथे माथ्यावर झाड नाही, झुडूप नाही, आणि वाऱ्यात सहा मीटरचा फायबरग्लासचा पोल म्हणजे शीडच.

पिटलॉक्री गावाजवळच्या बेन व्रॅकी डोंगरावर माझा पहिला पोल मोडला. वारा फार नव्हता, पंचवीस मैलांच्या आसपास. मी पोल, वारा जिकडे जातो तिकडे टोक करून, आडवा ठेवला, कारण तसा ठेवला की तो जमिनीवर शांत पडून राहतो. मग उचलायला लागलो. अर्ध्यावर आला आणि झोत आला. वारा त्याला परत खाली ढकलत होता, मी वर रेटत होतो आणि खालून दुसऱ्या सांध्यात तो कडकन तुटला. तुटलेल्या फायबरग्लासचे बारीक तंतू हातमोज्यातून डाव्या तळहातात शिरले. त्या हातानं पिटलॉक्रीच्या पुढेपर्यंत क्लच दाबत गेलो. तंतू डोळ्यांना दिसत नव्हते. रात्री टॉर्च तिरका धरला तेव्हा ते चमकले, मग चिमट्यानं एकेक काढला.

त्या दिवसापासून उलटं करतो आणि तेच बरोबर आहे. पोलचं टोक वाऱ्याकडे, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे, करून ठेवायचं. कारण सांगतो. वाऱ्याच्या बाजूला एक दोरी आधीच पक्की बांधलेली असते. टोक वाऱ्याकडे असताना ती सैल राहते. पोल थोडा उचलला की वारा खालून शिरतो आणि स्वतःच त्याला उभा करत नेतो. पोल सरळ झाला की ती दोरी ताणली जाते आणि त्याला तिथेच थांबवते. तुम्ही वाऱ्याशी झगडत नाही, वाराच तुमचं काम करतो.

दोरीची लांबी घरीच मापून गाठ मारून ठेवा. पोलवर तीन मीटर उंचीला दोरी बांधणार असाल आणि खालचा दगड बुंध्यापासून तीन मीटरवर असेल, तर दोरी सव्वाचार मीटर लागते. माथ्यावर बोटं गारठलेली असताना माप घ्यायला बसू नका.

जागाही नीट निवडा. अगदी शिखराच्या दगडाला चिकटायची गरज नाही. नियमानं माथ्यापासून उभ्या उंचीत २५ मीटर खालपर्यंत कुठेही बसता येतं. वाऱ्याच्या आडोशाला दहा मीटर खाली उतरा. एचएफला त्यानं फरक पडत नाही, आणि शिखरावर फोटो काढायला आलेल्या लोकांच्या पायात तुमच्या दोऱ्याही येत नाहीत.

आता क्रम:

१. वाऱ्याकडे तीन मीटरवर दोरी बांधायची. पीटमध्ये तंबूची खुंटी धरत नाही, लोण्यातून सुरी निघावी तशी वर येते. लांबट दगडाला मधोमध दोरी बांधा, दगड आडवा ठेवा आणि त्यावर दोनतीन दगड रचा. दगड उतारावर सुटे पडलेले असतात, तेच घ्या. शिखरावरच्या रचलेल्या ढिगाला हात लावायचा नाही. टिंटोवरचा ढीग तर कांस्ययुगातला आहे.

२. पोल आडवा ठेवूनच उघडायचा, आधी टोकाकडचे बारीक भाग. प्रत्येक सांधा ओढून अर्धा पीळ द्या, जास्त नाही. जास्त पिळला तर थंडीत घट्ट बसतो आणि मिटता मिटत नाही. ओला पोल आपोआप मिटतो, म्हणून आधी फडक्यानं पुसा आणि पाऊस असेल तर सांध्यावर चिकटपट्टीचा एक वेढा द्या.

३. सगळ्यात वरचे दोन भाग उघडूच नका. उंच पोल म्हणजे चांगला सिग्नल असं सांगणारे बहुतेक आपल्या परसात उभे असतात. डोंगरमाथ्यावर तुम्ही आधीच शेकडो मीटर वर आहात. साडेचार-पाच मीटरवर तारेचा मध्य पुरे. बारीक टोकावर तार बांधली की ते वाकतं, आणि वाकलेलं टोकच आधी तुटतं.

४. अँटेना म्हणजे साधा डायपोल, मध्यापासून दोन बाजूंना सारख्या लांबीच्या दोन तारा, उलट्या ‘व्ही’च्या आकारात. २० मीटर लांबीच्या लहरींच्या पट्ट्याला, म्हणजे २० मीटर बँडला, प्रत्येक बाजूला साधारण ५ मीटर तार, ४० मीटरला साधारण १०. प्रत्येक तारेत ५ मीटरवर सोडता-जोडता येणारा जोड ठेवला की एकाच तारेत दोन्ही बँड होतात. पोल उभा राहिला की या दोन तारा वाऱ्याच्या उलट बाजूला, एकमेकींपासून फाकवून दगडांना बांधा. टोकांना दोनतीन मीटर दोरी असू द्या, तार जमिनीला टेकता कामा नये. वाऱ्याकडची एक दोरी आणि या दोन तारा, असे तीन ताण झाले. चौथ्याची गरज पडलेली मला आठवत नाही.

५. बुंध्याची टोपी आवळली आहे ना, ते उभा करण्याआधी बघा. बाईकच्या थरथरीनं ती सैल होते आणि आतले भाग खालून सरकून बाहेर येतात.

गारा किंवा कोरडा बर्फ पडायला लागला आणि रेडिओत फसफस ऐकू आली, तर अँटेनाची तार रेडिओतून काढून बाजूला करा. तारेवर साठलेला विद्युतभार रेडिओ जाळू शकतो. गडगडाट ऐकला तर सगळं तिथेच टाकून खाली उतरा.

बोलणं

आदल्या रात्रीच सोटाच्या संकेतस्थळावर डोंगर आणि वेळ टाकून ठेवा. हायलँड्समध्ये माथ्यावर फोनला रेंज असेलच असं नाही, आणि तुम्हाला शोधणारे लोक त्या नोंदीवरूनच कान लावून बसतात. एकदा त्यांनी ऐकलं की चार संपर्क पाच मिनिटांतही होतात. नोंद शिसपेन्सिलीनं करा, पेनातली शाई थंडीत आणि पावसात चालत नाही. वेळ यूटीसी, म्हणजे जगभर एकच धरली जाणारी प्रमाण वेळ, लिहा. उन्हाळ्यात ब्रिटनचं घड्याळ तिच्या एक तास पुढे असतं, अर्ध्या लोकांची नोंद तिथेच चुकते.

उतरणं

उलट क्रमानं. आधी दोन्ही तारा सोडा, पोल टोक वाऱ्याकडे करून आडवा करा, वाऱ्याकडची दोरी शेवटी. आणलेले दगड उचललेत तिथेच टाका. पोल जाड भागाकडून मिटवा, म्हणजे बारीक भाग शेवटपर्यंत मोकळे राहतात.

खाली आलात की लगेच किल्ली लावू नका. तासभर दगडावर बसून बोटं इतकी गारठलेली असतात की ब्रेक किती दाबला गेला ते कळत नाही. थर्मासमधला चहा खाली उतरेपर्यंत शिल्लक ठेवा. कपाभोवती दोन्ही हात धरून बसा. अंगठ्यानं प्रत्येक बोटाच्या टोकाला शिवून बघा, चारही बोटांना स्पर्श कळला की मगच हेल्मेट घाला.