मेम्फिसचा मुक्काम : ग्वाल्हेरच्या कानसेनांसाठी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील बऱ्याच मराठी घरांतून आई-वडील उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेला जातात. मुलांनी आखलेल्या मोटारप्रवासात नॅशव्हिल ते न्यू ऑर्लिन्स या वाटेवर मेम्फिसच्या वाट्याला बहुधा दुपारचे जेवण तेवढे येते. ग्वाल्हेर घराण्याचे गायक हद्दू-हस्सू खाँ यांचे नाव ऐकत वाढलेल्यांनी हा बेत मान्य करू नये. मेम्फिस हे ब्लूजचे, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या दुःखातून आलेल्या गाण्याचे, शहर आहे. ब्लूज खऱ्या अर्थाने ऐकायचे ते रात्री, म्हणून तेथे एक रात्र राहण्याचा आग्रह धरावा. नॅशव्हिलहून महामार्ग ४० ने अंतर सुमारे ३४० किलोमीटर आहे. सकाळी लवकर निघाल्यास दुपारपूर्वी पोहोचता येते.

पहिल्या दुपारी सन स्टुडिओ आणि स्टॅक्स संग्रहालय पाहावे. सन हा ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ सॅम फिलिप्स यांनी १९५० मध्ये सुरू केला आणि रॉक गायक एल्व्हिस प्रेस्लीचे पहिले व्यावसायिक ध्वनिमुद्रण १९५४ मध्ये तेथेच झाले. मात्र त्याआधी बी. बी. किंग आणि हाउलिन वुल्फ हे कृष्णवर्णीय कलावंत त्याच लहानशा खोलीत गाऊन गेले होते, हे लक्षात ठेवून आत शिरावे. येथेच गायलेला गायक जॉनी कॅश गिटारच्या तारांमध्ये कागद अडकवून वाजवीत असे, त्यामुळे तालवाद्य नसतानाही तारांतून खरखरीत ठेका उमटे. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा सरकवून नाद घडविणाऱ्यांना ही युक्ती परकी वाटणार नाही. स्टॅक्स या ध्वनिमुद्रिका कंपनीचा स्टुडिओ एका जुन्या चित्रपटगृहात होता. खुर्च्या काढल्या तरी जमिनीचा उतार तसाच राहिला आणि त्या उताराने तेथील ध्वनीला स्वतःचा घाट दिला. मूळ इमारत पाडली गेली. २००३ मध्ये त्याच जागी संग्रहालय उभारताना उतारासह ती खोली पुन्हा बांधण्यात आली. तेथे भिंतींवरील छायाचित्रे भराभर पाहिली तरी चालेल, परंतु या खोलीत थोडा वेळ शांत उभे राहावे.

ग्रेसलँड, म्हणजे एल्व्हिसचे घर, एका मुक्कामात बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिकीट महाग आहे, अर्धा दिवस जातो आणि हाती गाण्यापेक्षा वैभवच अधिक लागते. (घरात एल्व्हिसचे भक्त असतील तर वाद घालू नये.)

संध्याकाळी ब्लूज ऐकायला बील स्ट्रीट या रस्त्यावर जावे. संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी १९०९ च्या सुमारास मेम्फिसला आले आणि १९१२ मध्ये त्यांनी ब्लूजची रचना छापून प्रसिद्ध केली. त्यांचा पुतळा याच रस्त्यावर आहे. उशिरा रात्री वयाचे बंधन लागू होऊ शकते, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवावे आणि कलावंतांच्या डब्यात टाकण्यासाठी सुट्या नोटा घ्याव्यात. गाडीत बॅगा दिसतील अशा ठेवू नयेत.

ऐकताना बारा विभागांचे आवर्तन हातावर मोजावे. बारा म्हटल्यावर बारा मात्रांचा एकताल आठवेल, परंतु येथे प्रत्येक विभाग चार मात्रांचा असल्याने आवर्तन अठ्ठेचाळीस मात्रांचे होते. गायक बहुधा एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर देतो. मधल्या रिकाम्या जागा गिटार भरते. गांधाराकडे विशेष लक्ष द्यावे. तो धड कोमलही नसतो आणि शुद्धही नसतो, दोहोंच्या मधे ताणून लावलेला असतो, आणि तो एकदा कानात बसला की शब्द न कळताही गाण्यातील दुःख कळू लागते.

शाकाहारी मंडळींनी सावध राहावे. हे भाजलेल्या डुकराच्या मांसाचे शहर आहे, आणि शिजवलेल्या घेवड्यात किंवा पालेभाजीतही मांस असू शकते, म्हणून विचारल्याशिवाय काही मागवू नये. दशम्या आणि चटणी सोबत असलेली बरी.

दुसऱ्या सकाळी राष्ट्रीय नागरी हक्क संग्रहालयासाठी किमान अडीच तास राखून ठेवावेत. साप्ताहिक सुटीचा वार आधी पाहून घ्यावा. हे संग्रहालय लॉरेन मोटेलमध्ये आहे. सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा देण्यासाठी आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल १९६८ रोजी याच मोटेलच्या सज्जात हत्या झाली. हे राजकारण आहे, संगीत नव्हे, असे समजून ते वगळू नये. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय कलावंतांना उतरू देणाऱ्या मोजक्या जागांपैकी ही एक होती आणि स्टॅक्सची काही गाणी याच खोल्यांत रचली गेली.

पुढे न्यू ऑर्लिन्सकडे निघताना थेट महामार्ग ५५ न धरता जुन्या महामार्ग ६१ ने क्लार्क्सडेलपर्यंत जावे. सुमारे १२० किलोमीटरच्या या वाटेवर सपाट शेते लागतात. कापसाच्या अशाच शेतांत राबणाऱ्यांमधून ब्लूजचे गाणे उभे राहिले. क्लार्क्सडेलमध्ये डेल्टा ब्लूज संग्रहालय आहे. तेथून पूर्वेकडे बेट्सव्हिलला गेले की महामार्ग ५५ पुन्हा मिळतो, मात्र न्यू ऑर्लिन्सला त्याच दिवशी पोहोचायचे असेल तर क्लार्क्सडेल दुपारी दोनच्या आत सोडावे.