रास्पबेरी पाय सारखा रिस्टार्ट होतोय? आधी चार्जर बघा

रास्पबेरी पाय ४ या छोट्या, एका बोर्डाच्या कॉम्प्युटरवर लिनक्स नीट चालतंय आणि यूएसबी हार्ड डिस्क लावली की धाडकन रिस्टार्ट, असं होत असेल तर लगेच लिनक्स असलेलं मेमरी कार्ड फॉरमॅट करायला घेऊ नका. माझे दोन रविवार त्यातच गेले, कार्ड तीनदा नव्याने लिहिलं आणि शेवटी दोष निघाला मोबाईलच्या जुन्या चार्जरचा.

बोर्डवरचा लाल दिवा बघा, तो सतत पेटलेला हवा. मधेच विझत असेल किंवा स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह येत असेल तर व्होल्टेज ४.६३ व्होल्टच्या खाली जातंय. खात्री करायचीय तर टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) व्ही-सी-जी-ई-एन-सी-एम-डी, मग स्पेस, मग जी-ई-टी, अंडरस्कोर, टी-एच-आर-ओ-टी-टी-एल-ई-डी टाइप करा, सगळी स्मॉल अक्षरं. उत्तर ०एक्स० आलं तर पॉवर ओके, ०एक्स५०००० आलं तर आत्ता ठीक आहे पण चालू केल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं.

५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा चार्जर घ्या, केबल आखूड आणि जाड, लांब पातळ केबलमध्येच व्होल्टेज गळतं. चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात, म्हणून डिस्क स्वतःचा अडॅप्टर असलेल्या यूएसबी हबवर लावा. आणि प्लीज, थेट प्लग उपटू नका, आधी शटडाऊन करा, नाहीतर कार्डावरच्या फाइली खरंच खराब होतात.