आजीचे आयुष्य लिहून ठेवताना

आजीविषयी लिहायला बसलेल्या नातवंडांच्या वहीत पहिल्या पानावर कष्टाळू, प्रेमळ, शिस्तप्रिय अशी विशेषणे जमा होतात आणि दुसऱ्या पानावर लेखणी अडते. या विशेषणांवरून कोणतीही आजी ओळखू येत नाही. तिने काय केले, कसे केले आणि कोणाला सोबत घेऊन केले यावरून ती ओळखू येते. घरासाठी तिने जे केले ते मुलाबाळांच्या आठवणीत कसेबसे टिकते, परंतु तिच्या हातच्या वस्तू वापरून झिजतात आणि मोहल्ल्यासाठी तिने केलेल्या कामाची नोंद बहुधा कोणाजवळच नसते. म्हणून माझ्या मते या दोन गोष्टींचा शोध आधी घ्यावा आणि वंशावळीकडे नंतर वळावे.

आजी हयात असेल तर एकाच बैठकीत सारे विचारण्याचा आग्रह धरू नये. दुपारचे जेवण, थोडी विश्रांती आणि चहा झाल्यावर अर्धा-पाऊण तास पुरेसा असतो. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करणार असल्याचे तिला आधी सांगावे, पंखा व दूरदर्शन बंद करावे आणि सुरुवातीलाच तारीख, ठिकाण व उपस्थितांची नावे मोठ्याने उच्चारावीत. “तुझे आयुष्य कसे होते?” असे विचारल्यास “चांगलं होतं” एवढेच उत्तर मिळेल. त्याऐवजी लग्नानंतरच्या पहिल्या घरात पाणी कुठून आणावे लागे, चूल कोणत्या भिंतीला होती, सकाळी सर्वांत आधी कोण उठत असे, असे विचारावे. उतरवून घेताना तिच्या नागपुरी बोलीतले “काऊन” (का) आणि “करून राहिली होती” तसेच ठेवावे. प्रमाण भाषेत बसवलेले वाक्य तिचे राहत नाही.

साल आठवत नाही, ही अडचण जवळपास प्रत्येक वेळी येते. शाळेच्या दाखल्यावरील जन्मतारखेवरही विसंबता येत नाही, कारण प्रवेशाच्या सोयीसाठी १ जून किंवा १ जुलै अशी तारीख सर्रास लिहिली जात असे. अशा वेळी नागपूरकरांना माहीत असलेल्या घटनांचा आधार घ्यावा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे धम्मदीक्षा घेतली व दिली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी हे नागपूरचे स्थान गेले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. १९७१ मध्ये युद्ध आणि १९७२ मध्ये दुष्काळ आला. “तेव्हा मोठा मामा जन्मला होता का, तू किती महिन्यांची गरोदर होतीस?” एवढ्या प्रश्नाने दोन-तीन वर्षांच्या आतले साल हाती लागते. तिथी आठवत असेल तर जुन्या पंचांगावरून तारीखही काढता येते.

एक पुरावा मात्र सहसा दुर्लक्षित राहतो, तो म्हणजे भांड्यांवर घातलेली नावे. नागपूरच्या महाल भागातील आमच्या घरी आजीची पितळेची एक गुंडी आहे. तिच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी तिचे माहेरचे नाव आणि लग्नाचे साल कोरलेले आहे. सासरी तिचे नाव बदलले गेल्याने पुढच्या कोणत्याही कागदावर ते मूळ नाव नाही. आपल्या घरातील माळ्यावरची भांडी एकदा खाली उतरवून, चिंच लावून घासून, तिरप्या उजेडात वाचून पाहावीत आणि प्रत्येक अक्षराचे छायाचित्र घ्यावे. आहेरात आलेल्या स्टीलच्या ताटांवर देणाऱ्यांची नावे व तारखा असतात, त्यावरून नात्यांचे व शेजाराचे जाळे उभे राहते.

हातच्या कलेची नोंद शब्दांपेक्षा चलचित्रात चांगली होते. सरगुंडे हा वाळवणाचा पदार्थ करताना कणकेची बारीक दोरी काडीवर कशी गुंडाळली जाते, हे कितीही सविस्तर लिहिले तरी वाचणाऱ्याला करता येत नाही. कॅमेरा चेहऱ्याऐवजी बोटांवर ठेवावा. प्रमाण विचारल्यास “अंदाजानं” हे उत्तर येणारच. म्हणून पिठाचा डबा काम सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर वजनकाट्यावर ठेवावा. वजनात पडलेला फरक म्हणजे तिचा अंदाज. गोधडी किंवा क्रोशाचे तोरण असेल तर पुढची व मागची अशा दोन्ही बाजूंची छायाचित्रे शेजारी मोजपट्टी ठेवून घ्यावीत आणि कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा होता हेही विचारून ठेवावे.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत चालणाऱ्या भुलाबाई या मुलींच्या सणातील गाण्यांचा येथे विशेष उल्लेख करावासा वाटतो. ती एकटीला नीट आठवत नाहीत. आजीच्या बहिणीला किंवा मैत्रिणीला सोबत बसवावे, टिपऱ्या हातात द्याव्यात, म्हणजे एकीने सोडलेली ओळ दुसरी पुरी करते. खिरापत ओळखण्याच्या वेळी कोणत्या घरी काय असे, हेही तेव्हाच निघते.

सार्वजनिक कामाविषयी आजी स्वतः फारसे बोलणार नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित वर्गातील महिलांची अखिल भारतीय परिषद भरली होती; अध्यक्षांचे नाव आणि परिषदेचे ठराव इतिहासात आहेत, पण तेथे जमलेल्या हजारो स्त्रियांपैकी बहुतेकींची नावे आज कुठे सापडलीच तर त्यांच्या घरच्यांच्या बोलण्यात सापडतील. महिला मंडळ, भजनी मंडळ, विहारातील महिलांचा गट, भिशी, बचत गट यांपैकी आजी कशात होती हे शोधावे आणि त्यांच्या इतिवृत्ताच्या, हजेरीच्या व वर्गणीच्या वह्या पाहण्याची परवानगी मागावी. त्यात तिचे नाव पतीच्या नावाने, केवळ आडनावाने किंवा अंगठ्याच्या रूपात असू शकते, म्हणून वही चाळताना तिची समवयस्क मैत्रीण जवळ असावी. आजी हयात नसेल तर ही मैत्रीण, धाकटी जाऊ आणि घरी कामाला येणाऱ्या बाई यांच्याकडे सर्वांत आधी जावे. मुलांना आई माहीत असते, या तिघींना बाई म्हणून ती माहीत असते.

जुनी छायाचित्रे चिकट पानांच्या अल्बममध्ये राहू देऊ नयेत. ती सावकाश सोडवून, मागे बॉलपेनने न लिहिता मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने क्रमांक घालावा आणि त्या क्रमांकासमोर वहीत माणसांची नावे डावीकडून उजवीकडे लिहावीत. लहान छायाचित्र स्कॅन करताना ६०० डीपीआय (दर इंचातील ठिपक्यांची संख्या) ठेवावे.

मजकूर तयार झाल्यावर तो आजीला संपूर्ण वाचून दाखवावा. एखादा प्रसंग, विशेषतः वाटणीचा किंवा माहेरच्या अबोल्याचा, तिने वगळायला सांगितला तर तो वगळावा; कुटुंबाच्या कुतूहलापेक्षा तिची इच्छा मोठी आहे. पंच्याहत्तरी किंवा सहस्रचंद्रदर्शनाच्या निमित्ताने छोटी पुस्तिका छापता येते. तिची एक प्रत मंडळाच्या कपाटात आणि एक आजीच्या माहेरी द्यावी. ध्वनिमुद्रणे मोबाइलशिवाय आणखी दोन ठिकाणी ठेवावीत, त्यांपैकी एक दुसऱ्या शहरातील नातेवाइकाकडे असावे.