नागपूरचा धूर एक्सेलवर कसा चालवायचा

हिवाळ्यात वारा ईशान्येकडून सुटला की नागपूरचा धूर आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या सेलूकडे येतो. त्याचा हिशेब मांडायला महासंगणकच पाहिजे, असं माझ्या वर्गातल्या पोट्ट्यांना वाटते. मोठ्या संस्था डब्ल्यूआरएफ-केम (हवामान आणि हवेचं रसायन एकत्र मांडणारं संगणकी मॉडेल) चालवतात, ते वेगळं. समज यायला एक्सेल पुरते.

आधी अख्खं नागपूर एका खोक्यात घाला: वाऱ्याच्या दिशेनं लांबी २० किलोमीटर, वर झाकण. हवा जिथवर ढवळली जाते ते झाकण. दर चौरस मीटरमधून सेकंदाला १ मायक्रोग्रॅम धूर निघतो असं नुसतं धरून चला. धूर गुणिले लांबी; त्याला वाऱ्याचा वेग गुणिले झाकणाची उंची यानं भागा. वारा सेकंदाला २ मीटर आणि झाकण १००० मीटरवर असलं तर घनमीटरला १० मायक्रोग्रॅम. पहाटे झाकण २०० मीटरवर उतरलं की ५०. गाड्या तेवढ्याच! कोराडीच्या वीज केंद्राच्या उंच चिमण्या मात्र पहाटेच्या खोक्यात घालू नका. तो गरम धूर बहुतेक झाकणाच्या वर जातो आणि ऊन तापल्यावर खाली येतो.

आता सेलूपर्यंत ५ किलोमीटरचे खाने पाडा. हिशेबाची एक पायरी १० मिनिटांची. तेवढ्यात वारा १२०० मीटर जातो, म्हणजे दर पायरीला खान्यातला २४ टक्के माल पुढच्या खान्यात. पायरीत वारा खान्यापेक्षा लांब गेला की गणित बिघडलंच समजा.

खरी गंमत रसायनाची. दुपारच्या उन्हात नायट्रोजन डायऑक्साइड दोनेक मिनिटांत फुटतो, त्यातून नायट्रिक ऑक्साइड आणि ओझोन तयार होतो. नायट्रिक ऑक्साइड तो ओझोन खाऊन पुन्हा डायऑक्साइड होतो. १० मिनिटांच्या पायरीत हे पकडता येत नाही. म्हणून दोन बेरजाच पुढे पाठवा: दोन्ही नायट्रोजन ऑक्साइडांची, आणि ओझोन अधिक डायऑक्साइडची. मग प्रत्येक खान्यात तोल सोडवा: भर दुपारी ओझोन (पीपीबीत, म्हणजे हवेच्या अब्ज भागांत किती भाग) साधारण १८ गुणिले डायऑक्साइड भागिले नायट्रिक ऑक्साइड. पेट्रोल, रंग यांच्या वाफा उन्हात दुसरी बेरीज वाढवतात. ती वाढ दर पायरीला हातानं घाला. शहरात ताजा नायट्रिक ऑक्साइड ओझोन खातो, म्हणून ओझोन गावाकडच्या खान्यांत चढतो. आमच्या गव्हाची पानं तोच ओढून घेतात.

पहिल्या खान्यात येणारी हवाही शून्य धरू नका; वावरात पराट्या (कापसाची वाळली झाडं) पेटल्या की धूर तिकडूनही येतो.

उत्तर नागपुरातल्या सिव्हिल लाइन्सच्या हवा मोजणाऱ्या केंद्राच्या आकड्यांशी जुळवा. जुळलं नाही तर उत्सर्जनाला हात लावण्याआधी झाकण तपासा: ईआरए५ या युरोपीय हवामान केंद्राच्या आकडेसंचात ती उंची तासातासाची, फुकट मिळते.