ब्रेड मशीन घेताय? कणीक भिजवणारा हात विसरू नका

इथे आल्यावर पहिल्या महिन्यात जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी येतं, की अमेरिकेतला ब्रेड गोड लागतो. मग कुणीतरी सांगतं, घरीच करा, ब्रेड मशीन घ्या, म्हणजे एकाच भांड्यात कणीक मळून, फुगवून ब्रेड भाजणारं यंत्र. नवीन आलेल्या मुलामुलींना मीही तेच सांगते. मी २००४ साली न्यू जर्सीत आले, तेव्हापासून आजवर माझ्याकडे तीन मशीनं झाली, त्यातली दोन जुन्या वस्तूंच्या दुकानातली. पण यंत्र घरी आणलं आणि बटण दाबलं, एवढ्यानं ब्रेड होत नाही. तो कुठे बिघडतो आणि यंत्र कुठे धोक्याचं ठरतं, हे मी इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी खरेदीचं. गुडविल, साल्व्हेशन आर्मी अशा दुकानांत जवळजवळ न वापरलेली मशीनं स्वस्तात मिळतात. लोकांना लग्नात भेट येतात, ते दोनदा वापरतात आणि देऊन टाकतात. घेण्यापूर्वी झाकण उघडून भांड्याच्या तळाचं मळणारं पातं आहे का ते बघा. बऱ्याचदा तेच हरवलेलं असतं. पातं बसतं ती दांडी बोटांनी फिरवून पाहा, ती सहज फिरली पाहिजे. भांड्याच्या आतला लेप सोललेला असेल किंवा वायर कुठे तडकलेली असेल, तर कितीही स्वस्त असलं तरी ठेवून या. मॉडेल नंबर टिपून घ्या. त्यावरून माहितीपुस्तिका इंटरनेटवर मिळते आणि ते मॉडेल कंपनीने परत मागवलंय का, हे कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशन या इथल्या सरकारी संस्थेच्या यादीत तपासता येतं.

इथलं मशीन १२० व्होल्टचं असतं. पुण्याला आईसाठी पाठवू नका आणि तिथलं २३० व्होल्टचं इकडे आणू नका.

आता पिठाकडे येऊ, कारण आपल्या लोकांचा ब्रेड फसतो तो इथेच. माझा पहिला ब्रेड मी इंडियन स्टोअरमधल्या वीस पौंडांच्या पिशवीतल्या पिठाचा केला. पोळ्या उत्तम होत होत्या, म्हटलं ब्रेडही होईल. मशीनची मोटर कण्हत होती, आणि चार तासांनी निघाली ती दोन इंच उंचीची वीट. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं होतं. चूक पिठात होती. आपलं चक्कीचं पीठ इतकं बारीक आणि कोंड्यासकट दळलेलं असतं, की ते भरपूर पाणी पितं. शिवाय इथे मिळणारं बरंचसं पीठ ड्युरम गव्हाचं असतं. त्याची कणीक पोळीसाठी मऊ लाटली जाते, पण फुगलेला वायू धरून ठेवायला लागणारा चिवटपणा तिच्यात कमी असतो. ब्रेडला ज्या पिशवीवर ‘ब्रेड फ्लोअर’ लिहिलेलं असतं तेच पीठ घ्या. त्यात साधारण १२ ते १३ टक्के प्रथिनं असतात. साधं ‘ऑल पर्पज’ चालेल, ब्रेड थोडा बसका होईल इतकंच. ‘सेल्फ रायझिंग’ मात्र कधीच नको. त्यात बेकिंग पावडर आणि मीठ आधीच मिसळलेलं असतं. आपलं गव्हाचं पीठ घालायचंच असेल तर सुरुवातीला चौथा हिस्सा, हात बसल्यावर निम्मं, आणि पाणी दोन-तीन चमचे जास्त.

कपाने मोजू नका, वजनकाटा घ्या. पिशवीत कप खुपसून भरला तर १२० ग्रॅमच्या जागी दीडशे ग्रॅम पीठ सहज बसतं. तीन कपांत हा फरक ९० ग्रॅम होतो आणि तेवढ्याने कणीक दगड होते. माझं रोजचं माप दीड पौंडाच्या ब्रेडचं आहे: ब्रेड फ्लोअर ४०० ग्रॅम, पाणी २६० मिलिलिटर, तेल दोन मोठे चमचे, साखर एक मोठा चमचा, मीठ सव्वा लहान चमचा, इन्स्टंट यीस्ट दीड लहान चमचा. यीस्टच्या बाटलीवर ‘इन्स्टंट’ किंवा ‘ब्रेड मशीन’ लिहिलेलं असावं. उघडल्यावर बाटली फ्रिजमध्ये ठेवा. पाणी कोमट, बोटाला ना गार ना गरम, साधारण ८० फॅरनहाइट म्हणजे २७ सेल्सिअस. चहाच्या आधणासारखं पाणी ओतलं तर यीस्ट मरतं.

भांडं मशीनबाहेर काढून भरा. हे फार महत्त्वाचं आहे. आत ठेवून भरलं की पीठ तळाशी तापणाऱ्या कॉइलवर सांडतं, ते जळतं, धूर होतो आणि अपार्टमेंटचा स्मोक अलार्म वाजतो. बहुतेक अमेरिकन मशीनांत आधी पाणी, तेल, मीठ, साखर, त्यावर पीठ, आणि शेवटी पिठात खळगा करून कोरडं यीस्ट. काही जपानी मशीनांत क्रम उलटा असतो, म्हणून पुस्तिका वाचा.

आणि आता जे सांगते ते सगळ्यात जपून ठेवा. मळणं सुरू झाल्यावर पाचव्या ते दहाव्या मिनिटाला झाकण उघडून बघा. या टप्प्यावर उघडायला काही हरकत नसते. जपानमध्ये मात्सुशिता कंपनी पहिलं घरगुती ब्रेड मशीन बनवत होती, तेव्हा त्यांची कणीक नीट मळलीच जाईना. म्हणून इकुको तानाका नावाच्या त्यांच्या अभियंता ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य बेकरकडे कणीक मळायला शिकल्या. तो मळताना कणीक ताणतो आणि पिळतो, हे त्यांनी पाहिलं आणि भांड्याच्या आत त्यासाठी उंचवटे बसवले गेले. १९८७ साली ते मशीन बाजारात आलं. म्हणजे मळणारा हात यंत्राला शिकवता आला. पण आजचं पीठ किती पाणी पिणार हे अजूनही त्याला कळत नाही. ते तुम्हाला कळतं! पोळ्यांची कणीक भिजवताना तुम्ही कधी पाणी मोजलं होतं? गोळा गुळगुळीत असावा, भांड्याच्या कडा सोडलेल्या असाव्यात आणि तळाशी जरासा चिकटावा. पोळीच्या कणकेपेक्षा थोडा सैल. कोरडा, तुकड्यातुकड्यांचा दिसला तर एकेक लहान चमचा पाणी घाला, पसरट चिखल दिसला तर एकेक मोठा चमचा पीठ. जानेवारीत हीटरने घरातली हवा कोरडी होते तेव्हा मला पाणी जास्त लागतं, जुलैच्या दमट दिवसांत कमी. बोटांनी बघायचं तर पातं थांबलेलं असतानाच, आणि लगेच हात बाहेर. मुलांना कच्ची कणीक चाटू देऊ नका. भाजण्यापूर्वीच्या पिठात जंतू असू शकतात. २०१६ मध्ये इथे कच्च्या पिठातून ई. कोलायची लागण झाली होती.

मशीन काउंटरच्या कडेपासून आत, सपाट जागी ठेवा. घट्ट कणीक मळताना ते हादरत हादरत सरकतं. माझं एकदा अगदी कडेपर्यंत आलं होतं, आणि खाली तेव्हा आमचा रांगता मुलगा होता. तेव्हापासून ते भिंतीच्या बाजूला, पण भिंतीपासून चार बोटं सोडून असतं, म्हणजे वाफेला वाट राहते. वरच्या कपाटाखाली वाफ कोंडली की लाकूड फुगतं, आणि भाड्याच्या घरात ते डिपॉझिटमधून जातं. एक्स्टेन्शन वायर नको, थेट भिंतीतल्या प्लगमध्ये लावा. १५ अँपिअरची लाइन म्हणजे १२० व्होल्टला १८०० वॅट. मशीन पाच-सहाशे वॅट घेतं, त्याच लाइनवर मायक्रोवेव्ह लावलात तर ब्रेकर पडेल. वीज गेली तर बरीच मशीनं कार्यक्रम विसरतात. अशा वेळी कणीक टिनमध्ये काढा, फुगू द्या आणि ओव्हनमध्ये भाजा.

रात्री सगळं भरून सकाळी गरम ब्रेड, यासाठी टायमर असतो. त्यात दूध, अंडं, दही घालायचं नाही. ४० ते १४० फॅरनहाइटच्या मधल्या तापमानात नासणारा पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असा इथला नियम आहे आणि तो योग्य आहे. दुधाच्या जागी दूध पावडर घाला. मी स्वतः मात्र रात्री झोपेत किंवा घर बंद असताना भाजणं चालू ठेवत नाही. भाजताना कणीक फार फुगून भांड्याबाहेर कॉइलवर पडली आणि धूर आला, तर झाकण उघडू नका, आधी प्लग काढा. पुढच्या वेळी यीस्ट पाव लहान चमचा कमी. डेन्व्हरसारख्या उंचावर राहणाऱ्यांनी हे पहिल्यापासूनच करावं.

ब्रेड झाला की ओव्हनचे हातमोजे घालून भांडं काढा, उलटं करून हलवा आणि ब्रेड जाळीवर तासभर गार होऊ द्या. पातं ब्रेडमध्ये अडकून येतं, ते सुरीने नव्हे तर लाकडी काडीने काढा. भांडं पाण्यात बुडवू नका, तळाची सील खराब होते. आतून कोमट पाणी भरून ठेवा, पातं सुटतं. या ब्रेडमध्ये टिकवणारं काही नसतं, त्यामुळे तीन दिवसांत संपवा किंवा काप करून फ्रीझरमध्ये ठेवा. फ्रिजमध्ये तो लवकर शिळा होतो.

आणि पाव. खरं सांगायचं तर माझं मशीन आज मुख्यतः त्यासाठीच आहे. वरच्याच मापात दोन मोठे चमचे दूध पावडर घाला आणि ‘डो’ हे बटण दाबा. साधारण दीड तासात फुगलेली कणीक मिळते. तिचे १२ गोळे करा, ९ बाय १३ इंचांच्या तूप लावलेल्या ट्रेमध्ये अर्धा इंच अंतरावर ठेवा, दुप्पट होईपर्यंत झाका, मग ३७५ फॅरनहाइटला १८ ते २० मिनिटं भाजा. बाहेर काढल्याबरोबर वरून लोणी फिरवा आणि सुती पंचा टाकून दहा मिनिटं थांबा, म्हणजे वरची साल मऊ पडते. तोवर वड्यांचं तेल तापत ठेवा.