पायदळाचा शिपाई खलाशी कसा होतो

मॉडेल जहाजाच्या डेकवर एक माणूस उभा केला की जहाज केवढं ते लगेच कळतं. पण मापात गडबड झाली तर तोच माणूस सगळ्या कामावर पाणी फिरवतो. म्हणून आधी हिशेब. १७० सेंमी उंचीचा माणूस १/४८ ला (म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढ्या मापात) साधारण ३५ मिमी, १/६४ ला साडेसव्वीस आणि १/७२ ला २३ मिमीच्या थोडा वर भरतो. वॉरगेमिंगच्या, म्हणजे टेबलावर लढाई खेळायच्या, २८ मिमीच्या फिगर उंचीला कधी कधी चालून जातात, पण त्यांची डोकी आणि हात इतके थोराड असतात की मी त्यांच्या वाटेला जात नाही.

१/७२ मध्ये तयार खलाशी शोधावे लागतात; नेपोलियनच्या काळातल्या पायदळाचे प्लॅस्टिकचे शिपाई मात्र हवे तेवढे. त्यातला बंदुकीच्या नळीत गजाने दारू ठासणारा शिपाई मला सगळ्यात कामाचा वाटतो. बंदूक आणि गज कापून टाकला की एकावर एक धरलेल्या दोन मुठी उरतात. त्यांना ०.५ मिमीच्या ड्रिलने आरपार भोक पाडलं की दोर ओढणारा गडी तयार! मग छातीवरचे पट्टे तासायचे, पाठीवरची पिशवी उडवायची, उंच टोपी कापून डोकं गोल करायचं आणि एपॉक्सी पुट्टीने पायांवर ढगळ विजार चढवायची. ब्लेड कोरं हवं. मऊ प्लॅस्टिकला पॉलिश पेपर लावला की नुसती लव उठते. त्यावर सुपरग्लूचाही भरवसा नाही, सांध्यात पितळी तारेचा तुकडा घालायचाच.

रंगापेक्षा मी तोल जास्त बघतो. दोर ओढणारा माणूस ताठ उभा राहत नाही. तळवा टाचेकडून जास्त घासला की तो आपोआप मागे रेलतो. एवढ्यानेच त्याच्या अंगात जोर दिसायला लागतो.

रंगवण्याआधी साबणाच्या पाण्याने धुवायचं, वाळवायचं, मग प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला हात. आधी कातडी, मग सदरा, विजार, जाकीट, म्हणजे आतून बाहेर. चेहऱ्यावर पातळ तपकिरी रंग सोडला की तो डोळ्यांच्या खोबणीत आपोआप बसतो. वाळल्यावर नाक, गाल आणि हनुवटीवर फिकट हात द्यायचा. या मापात बुबुळं काढू नका, माणूस भूत बघितल्यासारखा दिसतो. शुद्ध पांढरा आणि शुद्ध काळाही नको, दोन्हीत थोडा राखाडी मिसळा.

कपड्यांचं एक लक्षात ठेवा. ब्रिटिश नौदलात अधिकाऱ्यांना गणवेश १७४८ मध्ये आला, साध्या खलाशांना थेट १८५७ मध्ये. त्यामुळे त्याआधीच्या जहाजावर सगळे एकसारखे रंगवले तर जाणकार हसतील. चौकड्यांचा सदरा, आखूड निळं जाकीट, कॅनव्हासची मळकट विजार असं आलटून पालटून द्या. अधिकाऱ्याच्या खांद्यावर झुबकेदार सोनेरी एपॉलेट १७९५ च्या आधी नकोत.

मॅट व्हार्निश डेकवर चढवण्याआधीच मारायचं. पायाखालची चकती कापून टाकायची, टाचेत तार घालायची आणि डेकला तेवढंच भोक पाडून माणूस रोवायचा. दोर सगळ्यात शेवटी मुठींतून ओवा आणि ताणूनच चिकटवा. एवढा रेललेला गडी आणि हातात सैल दोर, हे काही शोभत नाही.