ओपन सोर्स प्रिंटर ड्रायव्हर लिहिताना आणि वितरित करताना या चुका टाळा

लिनक्सवर प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकातील पान प्रिंटरला समजेल अशा आज्ञांत बदलणारा प्रोग्रॅम, लिहिणाऱ्यांचा बहुतेक वेळ प्रिंटरची अंतर्गत भाषा उलगडण्यात जातो, पण वापरणाऱ्यांच्या तक्रारी त्या भाषेबद्दल क्वचितच असतात. दोन प्रती मागितल्या तर चार येतात, रांगेत काम पूर्ण झाल्याचे दिसते पण कागद हलत नाही, काल चालणारा प्रिंटर आज प्रणाली अद्ययावत केल्यावर दिसेनासा होतो. या सर्वांचे मूळ बहुधा ड्रायव्हर आणि कप्स ही छपाई-व्यवस्था यांच्या सीमेवर सापडते. छपाई ही एक साखळी आहे. आपल्या आधीच्या कडीने काय केले आणि पुढची काय करणार हे न पाहता लिहिलेला ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या टेबलावर उत्तम चालतो आणि दुसऱ्याच्या संगणकावर अडतो.

ड्रायव्हर लागतो का, हे न पाहताच सुरुवात करणे

२०१० मध्ये ॲपलने ड्रायव्हरशिवाय छापण्याची एअरप्रिंट ही सोय आणली आणि २०१३ मध्ये छपाईची मानके ठरवणाऱ्या प्रिंटर वर्किंग ग्रुपने आयपीपी एव्हरीव्हेअर हे मानक प्रसिद्ध केले; आयपीपी म्हणजे संगणक आणि प्रिंटर यांनी एकमेकांशी बोलण्याची ठरलेली पद्धत. तेव्हापासून नेटवर्कवरील बहुतेक नवे प्रिंटर आपली क्षमता स्वतःच सांगतात आणि ठरलेल्या स्वरूपातील पाने स्वीकारतात. अशा प्रिंटरसाठी ड्रायव्हर लिहिणे म्हणजे उघड्या दाराला किल्ली घडवणे होय. कप्सच्या जोडीला असणाऱ्या कप्स-फिल्टर्स या पॅकेजसोबत येणारी ‘ड्रायव्हरलेस’ ही आज्ञा चालवून प्रिंटरचे नाव यादीत येते का, एवढे आधी पाहावे.

ड्रायव्हरची खरी गरज उरते ती जुन्या यूएसबी लेझर प्रिंटरांना, ज्यांत किंमत कमी ठेवण्यासाठी पान रचण्याचे सगळे काम संगणकावर टाकलेले असते. कॅननचा एलबीपी २९०० आणि एचपीचा लेझरजेट १०२० ही त्यांची आपल्याकडील ओळखीची उदाहरणे असून झेरॉक्सच्या दुकानांत आणि वकिलांच्या टेबलांवर ती अजूनही चालताना दिसतात. पहिल्याची भाषा कॅप्ट, दुसऱ्याची झेडजे-स्ट्रीम. दोन्ही पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या प्रिंटरच्या सर्वसामान्य भाषांपेक्षा वेगळ्या. याउलट, एप्सनची ईएससी/पी भाषा समजणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरसाठी नवे काही लिहिण्याआधी यादीतील सर्वसाधारण एप्सन ड्रायव्हर निवडून पाहावा. तेवढ्यानेच अनेकदा काम भागते.

याच विषयाची दुसरी बाजू अशी की, काही नवे यूएसबी प्रिंटर केबलवरूनही आयपीपी बोलतात आणि ‘आयपीपी-यूएसबी’ नावाची सेवा ते जोडताक्षणी आपल्या ताब्यात घेते. मग आपला जुन्या पद्धतीचा ड्रायव्हर उपकरण उघडू शकत नाही आणि विकसक बॅकएंडमधील, म्हणजे प्रिंटरपर्यंत माहिती पोहोचवणाऱ्या भागातील, दोष शोधत बसतो. ती सेवा क्षणभर थांबवून पाहिल्यास दोन मिनिटांत उलगडा होतो.

फिल्टरचा करार न वाचणे

फिल्टर म्हणजे एका स्वरूपातील माहिती पुढच्या स्वरूपात बदलणारी साखळीतील कडी; ड्रायव्हरचा मुख्य भाग हाच. सर्वांत जास्त चुका येथे होतात, म्हणून येथे थोडे थांबू. कप्स प्रत्येक फिल्टरला कामाचा क्रमांक, वापरकर्त्याचे नाव, कामाचे शीर्षक, प्रतींची संख्या आणि पर्याय अशी पाच मूल्ये देते. सहावे मूल्य फाइलचे नाव असते, पण ते असेलच असे नाही. ते नसेल तर माहिती प्रमाण इनपुटमधून वाचायची असते. फाइल मिळेलच असे धरून लिहिलेला फिल्टर हाताने चालवला की चालतो आणि साखळीत बसवला की कोसळतो. प्रतींचा घोळही याच ठिकाणी होतो. फाइलचे नाव मिळाले असेल तरच प्रती काढण्याची जबाबदारी सर्वसाधारणपणे आपली असते, एरवी आधीच्या फिल्टरने त्या काढलेल्या असतात. हा नियम विसरला की दोनाच्या चार होतात.

फिल्टरच्या प्रमाण आउटपुटमध्ये जे लिहिले जाते ते पुढे थेट प्रिंटरकडे जाते. मी पहिला फिल्टर लिहिला तेव्हा पानाची रुंदी तपासण्यासाठी सवयीने कोडमध्ये माहिती छापणारी एक ओळ घातली होती. ती ओळ बिंदूंच्या माहितीच्या अगदी आधी प्रिंटरला मिळाली, त्याने तिला आज्ञा समजून पुढचे सगळेच चुकीचे वाचले, आणि प्रत्येकी तीन-चार निरर्थक चिन्हे असलेली पाने ट्रे रिकामा होईपर्यंत बाहेर येत राहिली. तपासणीच्या ओळी प्रमाण एररमध्येच लिहाव्यात आणि त्यांच्या आरंभी डीबग, इन्फो, एरर यांपैकी योग्य शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत कोलनसह द्यावा, म्हणजे कप्स त्यांची नोंद योग्य पातळीवर करते. पाने मोजण्यासाठीही असाच ‘पेज’ हा शब्द आहे. तो न लिहिल्यास पानांचा हिशेब ठेवणाऱ्या कार्यालयांत हिशेब शून्यावर राहतो.

रास्टर, म्हणजे बिंदूंच्या ओळींत मांडलेले पान, वाचताना रुंदीला आठने भागून ओळीचे बाइट काढण्याचा मोह टाळावा. प्रत्येक पानाच्या शीर्षकात ओळीतील बाइटची संख्या स्वतंत्रपणे दिलेली असते, तीच वापरावी. प्रिंटरला पाठवायच्या ओळीची लांबीही वेगळी तपासावी. समजा, ६०० डीपीआयवर ए-४ पानाची एक ओळ ४,९६० बिंदूंची, म्हणजे ६२० बाइटची आहे, आणि प्रिंटरला १६ च्या पटीत, म्हणजे ६२४ बाइट हवे आहेत. उरलेले चार बाइट शून्यांनी भरले नाहीत, तर संकुचित न केलेल्या माहितीत प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा ३२ बिंदू डावीकडे सरकते, आणि १५५ ओळींत, म्हणजे सुमारे पाव इंचात, संपूर्ण रुंदीचा फेरा पूर्ण होतो. कागदावर पाव-पाव इंचाचे तिरके पट्टे दिसले की दोष संकुचनात शोधण्याआधी ही वजाबाकी करून पाहावी.

वापरणाऱ्याने काम रद्द केले की कप्स फिल्टरला समाप्तीचा संकेत पाठवते. त्या क्षणी फिल्टर जागच्या जागी मेला, तर प्रिंटर अर्ध्या पानावर उरलेल्या बाइटची वाट पाहत राहतो आणि पुढचे काम त्या पानाचा शेपूट समजून गिळतो. संकेत मिळाल्यावर चालू पान बंद करण्याची आज्ञा पाठवूनच बाहेर पडावे. तसेच अपयश आल्यावर शून्य परतवू नये. काम पूर्ण झाल्याचे दिसूनही कागद न येण्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

आता परवानग्या. फिल्टर चालला नाही की कोणीतरी त्याला ७७७, म्हणजे कोणालाही फाइल बदलता येईल अशी, परवानगी देण्याचा सल्ला देतो, आणि नेमक्या त्याच कारणाने कप्स तो फिल्टर असुरक्षित ठरवून चालवायला नकार देते. फाइलची मालकी रूट या प्रणालीच्या मुख्य वापरकर्त्याकडे असावी आणि गटाला किंवा इतरांना ती बदलता येऊ नये. ७५५ पुरेसे आहे. याखेरीज, कप्स फिल्टरला आपल्या नावाने न चालवता सामान्यतः ‘एलपी’ या मर्यादित वापरकर्त्याच्या नावाने चालवते, त्यामुळे आपल्या घरच्या फोल्डरमधील सेटिंग किंवा आपल्या टर्मिनलमधील पाथ त्याला मिळत नाही. ‘कप्सफिल्टर’ ही आज्ञा चाचणीसाठी सोयीची आहे, पण ती आपल्याच नावाने चालत असल्याने हा दोष तिच्यात दिसत नाही.

कागद, शीर्षक आणि देवनागरी

पीपीडी, म्हणजे प्रिंटरचे पर्याय आणि कागदाचे आकार सांगणाऱ्या फाइलमध्ये, मूळ कागद म्हणून अमेरिकी लेटर तसाच ठेवलेला अनेकदा आढळतो. लेटर ६१२ × ७९२ पॉइंट, ए-४ मात्र ५९५ × ८४२ पॉइंट (पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग). म्हणजे खालचे ५० पॉइंट कापले जातात किंवा प्रिंटर वेगळ्या कागदाची वाट पाहत लुकलुकत राहतो. आपल्याकडे ए-४ बरोबर ६१२ × १००८ पॉइंटचा लीगल कागद वकिलांकडे सर्रास वापरला जातो, तोही यादीत असावा. प्रकाशनापूर्वी पीपीडी ‘कप्सटेस्टपीपीडी’मधून तपासून घ्यावी.

कामाचे शीर्षक आणि वापरकर्त्याचे नाव बाहेरून येते, त्यामुळे ते जोडून शेलची, म्हणजे टर्मिनलमध्ये चालते तशी, आज्ञा तयार करणे ही मोठी चूक आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कप्स-ब्राउझ्ड या नेटवर्कवरील प्रिंटर शोधणाऱ्या सेवेतील त्रुटी उघड झाल्या तेव्हा हल्ल्याची शेवटची पायरी फूमॅटिक-रिप हा फिल्टरच होता, कारण पीपीडीमध्ये लिहिलेली आज्ञा तो जशीच्या तशी चालवत असे. शीर्षक पीजेएल मथळ्यात, म्हणजे कामाच्या आरंभी प्रिंटरला पाठवायच्या आज्ञांत, घालायचे असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि ‘लग्नपत्रिका अंतिम’ यासारखे शीर्षक ठरावीक बाइटवर कापले की कात्री चिन्हाच्या मधोमध पडू शकते. जुन्या प्रिंटरला असा मथळा समजत नाही. शीर्षकातील अवतरणचिन्हे आणि ॲस्कीबाहेरची चिन्हे काढून टाकणेच बरे.

मराठी वापरकर्त्यांकडून एक तक्रार हमखास येते: साधी टेक्स्ट फाइल थेट छापली की जोडाक्षरे फुटतात आणि वेलांटी भलत्याच जागी जाते. हा ड्रायव्हरचा दोष नाही. साध्या मजकुराची पीडीएफ करणारा फिल्टर अक्षरांची जुळणी न करता एकेक चिन्ह ओळीने मांडतो, आणि आपल्यापर्यंत ते आधीच बिघडलेल्या स्वरूपात पोहोचते. तोच मजकूर लिब्रेऑफिसमधून छापण्यास सांगावे आणि तो नीट आला तर तक्रार योग्य प्रकल्पाकडे पाठवावी.

वितरणातील चुका

कोड उघड्यावर ठेवला म्हणजे तो ओपन सोर्स झाला असे नाही. परवान्याची फाइल नसेल तर डेबियन, फेडोरा यांसारखे लिनक्सचे कोणतेही वितरण तो पॅकेजमध्ये घेणार नाही. दुसऱ्या ड्रायव्हरचा तुकडा उचलताना त्याचा परवानाही पाहावा. कप्स स्वतः २.३ आवृत्तीपासून अपाची २.० परवान्याखाली असून जीपीएल-२ या दुसऱ्या ओपन सोर्स परवान्याच्या कोडसाठी त्याच्या कर्त्यांनी खास सवलत दिलेली आहे. आपण अपाची परवान्याचा इतर कोड केवळ जीपीएल-२ असलेल्या ड्रायव्हरमध्ये मिसळला तर अशी सवलत आपोआप मिळत नाही. प्रिंटरची भाषा उलगडण्याबाबत भारतात विनाकारण भीती बाळगली जाते. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये, अन्यथा सहज उपलब्ध नसलेली माहिती दोन प्रोग्रॅम एकमेकांशी जुळावेत यासाठी मिळवण्याची मुभा कायदेशीर धारकाला दिलेली आहे. यूएसबीवरून जाणारी माहिती वायरशार्क या निरीक्षणाच्या साधनात पाहून स्वतः कोड लिहिणे आणि कंपनीच्या ड्रायव्हरमधील फाइल उचलून आपल्या पॅकेजमध्ये टाकणे, या मात्र सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत.

फर्मवेअरबाबत, म्हणजे प्रिंटरच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमबाबत, ही सीमा विशेष जाणवते. लेझरजेट १०२० चे फर्मवेअर प्रिंटर बंद होताच पुसले जाते आणि प्रत्येक वेळी संगणकाने ते नव्याने पाठवावे लागते. ते एचपीच्या मालकीचे असल्याने एचपीचा स्वतःचा लिनक्स ड्रायव्हर-संच एचपीएलआयपी ते वेगळ्या प्लगइनमधून घेतो आणि फू-टू-झेडजेएस हा ओपन सोर्स ड्रायव्हर ते वेगळे उतरवून घेण्यास सांगतो. आपणही तेच करावे, पण उपकरण जोडले जाताच फर्मवेअर पाठवणारा, यूडेव्ह या लिनक्सच्या उपकरण-व्यवस्थेसाठीचा नियम पॅकेजमध्ये नक्की असावा. विकसकाचा प्रिंटर दिवसभर चालू राहतो, म्हणून ही उणीव त्याच्या लक्षात येत नाही; जेथे दुपारी वीज जाते आणि तासाभराने येते, तेथे ती रोज दिसते.

फिल्टरचा मार्ग कोडमध्ये कायमचा लिहू नये. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत तो सारखा दिसत असला तरी फ्रीबीएसडीवर तो वेगळा असतो, कप्स २.४ पासून पॅकेज-कॉन्फिग या आज्ञेला विचारून तो मिळतो, जुन्या आवृत्त्यांसाठी कप्स-कॉन्फिग ही आज्ञा आहे. फक्त इंटेल संगणकासाठी बांधलेली फाइल देणेही टाळावे. रास्पबेरी पायवर जुना प्रिंटर जोडून तो घरभर वापरणारे पुष्कळ आहेत, आणि कंपनीच्या बंद ड्रायव्हरवर ओपन सोर्स ड्रायव्हरची सर्वांत मोठी सरशी नेमकी तेथेच होते. स्वतःची इन्स्टॉल स्क्रिप्ट रूट म्हणून चालवायला सांगण्यापेक्षा डेबियन किंवा फेडोराचे पॅकेज तयार करावे, म्हणजे काढून टाकतानाही मागे काही उरत नाही.

सगळा कोड पीपीडीच्या भोवती गुंफणे

कप्सच्या तिसऱ्या पिढीत पीपीडी आणि पारंपरिक ड्रायव्हर दोन्ही वगळण्याचे ठरले आहे. त्यांच्या जागी प्रिंटर ॲप्लिकेशन येते, म्हणजे जुन्या प्रिंटरला आयपीपी बोलणाऱ्या नव्या प्रिंटरचे रूप देणारा स्वतंत्र प्रोग्रॅम. तो लिहिण्यासाठी कप्सचे मूळ कर्ते मायकेल स्वीट यांनी पॅपल ही चौकट तयार केली आहे. विंडोजवरही वारे याच दिशेने आहे, कारण मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये इतर कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने बंद करण्याची घोषणा केली. त्यामुळे रास्टरपासून प्रिंटरच्या भाषेपर्यंतचा भाग स्वतंत्र लायब्ररीत ठेवावा आणि आजचा फिल्टर व उद्याचे ॲप्लिकेशन ही तिच्यावरची पातळ आवरणे असावीत. ज्यांच्याकडे जुना ड्रायव्हर तयार आहे त्यांच्यासाठी पॅपल-रेट्रोफिट आहे, पण नव्याने लिहिताना त्याच्या भरवशावर राहणे मला पटत नाही.

तक्रार आली की

‘प्रिंट येत नाही’ एवढ्या वाक्यावर कोड उघडू नये. प्रिंटरचा १२८४ डिव्हाइस आयडी (प्रिंटर स्वतःची ओळख म्हणून सांगतो ती ओळ), कप्सची आवृत्ती आणि डीबग पातळी चालू करून त्याच कामाची घेतलेली एरर-लॉग नोंद, या तीन गोष्टी आधी मागवाव्यात. नोंदीत फिल्टर व्यवस्थित संपलेला दिसत असेल तर दोष यूएसबी बॅकएंडकडे असू शकतो, आणि अशा विक्षिप्त प्रिंटरसाठी कप्समध्ये क्वर्क्सची, म्हणजे प्रिंटरनिहाय अपवादांची, वेगळी फाइल आहे. तीत एक ओळ घालून काम होत असेल तर ड्रायव्हरची नवी आवृत्ती काढू नये. तक्रार बंद करण्यापूर्वी वापरणाऱ्याला प्रिंटरचे बटण बंद करून, अर्ध्या मिनिटाने चालू करून पुन्हा एक पान काढायला सांगावे, कारण फर्मवेअरचे आणि यूडेव्हचे दोष त्या पहिल्याच पानावर उघडे पडतात.